चाळीस फूट

आमच्या अडतीत हायम वाकरूळकर
सौदे करायचा आणि खतावणी लिहायचा.
शनिवारी पेनाला हात नाही.
त्या दिवशी मी लिहायचो
आणि रविवारी तो माझ्या चुका काढायचा,
चार आण्याची सुद्धा.

सौदा रुमालाखाली.
समोर राजापुरी हळदीचा ढीग,
कपड्याच्या आत बोटं बोलत.
पंधरा म्हणायचं तर सगळी पेठ
दहा दाबते, मग पाच.
हायम नऊ दाबायचा, मग सहा.
बार्शीच्या एका व्यापाऱ्याने
विंचू चावल्यासारखा हात काढून घेतला होता.
विचारलं तर म्हणाला,
आमच्यात अक्षरं हेच आकडे.
दहा आणि पाच शेजारी बसले
की त्याच्या नावाचा तुकडा होतो.
ते नाव हळदीत खर्चायचं नसतं.

ऑगस्टमधल्या त्या रात्री
कृष्णा आयर्विन पुलाशी अडतीस फूट.
आम्ही पोती माळ्यावर चढवत होतो.
हरिपूरच्या पेवांची आशा दुपारीच सोडलेली.
भोंग्यावर दर तासाला आकडा,
एकोणचाळीस. साडेएकोणचाळीस.
चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका,
हे इथलं पोर पाढ्यांच्या आधी शिकतं.

चाळीस हा आकडाच नाही, हायम म्हणाला.
चाळीस दिवस पाऊस, चाळीस वर्षं वाळवंट,
डोंगरावर चाळीस दिवस उपाशी एक माणूस.
कुणी बोटं मोडत बसलं असेल, वाटतं तुला?
चाळीस म्हणजे
आत गेलेला माणूस
तोच बाहेर येत नाही, एवढा वेळ.
आमचा म, मेम, त्याची किंमत चाळीस.
आणि पाण्याला शब्द मायिम.
आरंभी म, शेवटी म.
दोन्ही काठांवर चाळीस.

खाली जिन्याची पहिली पायरी दिसेनाशी झाली होती.

मग त्याने अब्राहामाचा सौदा सांगितला.
एक शहर जाळायचं वरून ठरलं होतं.
म्हातारा आडवा आला,
पन्नास चांगली माणसं निघाली तर?
सोडतो.
पंचेचाळीस? सोडतो.
चाळीस? तीस? वीस?
हायमची बोटं ओल्या टॉवेलखाली हलत होती.
दहा, म्हणाला, आणि मूठ मिटली.
दहाच्या खाली म्हाताऱ्याने भाव मागितलाच नाही.
का?
काय माहीत.
दलाल म्हणून विचारशील तर
अजून तुटला असता.

दोनला लाइट गेली.
माळ्यावर कोण कोण आहे, मोजायला हवं होतं.
माणसांना आकडा लावायचा नाही, म्हणाला,
एका राजाने लावला तर साथ आली.
त्याच्याकडे दहा शब्दांची एक जुनी ओळ होती.
अंधारात खांदे चाचपत
एकेकावर एकेक शब्द ठेवत आला.
आठवा मायाप्पा हमालावर पडला,
त्याचा अर्थ, उचलून घे.
मायाप्पा म्हणाला, जलमभर त्येच की.
नववा माझ्यावर. अद.
म्हणजे?
पर्यंत.
कशापर्यंत?
दहावा त्याने तोंडातच ठेवला.
मी म्हणालो, अरे दहावा तूच,
नदी उतरून रडत बसलेल्या
त्या दहा खुळ्यांतला.
आमच्याकडची ती गोष्ट त्याला ठाऊक होती.
हसला.
शब्द मात्र बोलला नाही.

पाणी पन्नास ओलांडून गेलं
आणि कुठे थांबलं ते आम्हाला कळलं नाही,
भोंगाच गप्प झाला होता.

चिखल उपसून दुकान उघडलं
तेव्हा समोरच्या शाळेत झेंडावंदन चाललं होतं,
मुलं गमबुटात.
खतावणी फुगून दुप्पट झालेली, पिवळीधमक.
हायमने चिकटलेली पानं नखाने सोडवली,
एक बऱ्यापैकी कोरडं सापडलं
आणि त्याने तारीख घातली,
९ + ६ ऑगस्ट.

ऑडिटवाल्याने लाल शाई उघडली होती.
मी पान मिटून घेतलं.